रस्त्याकडची खोली

प्रिय खारूताई,

पत्र पाहून म्हणशील, बाबांना फोन करायला काय झालं? पण फोनवर तुझी आई मध्येच तोंड घालते, आणि हे एवढ्यात तिच्या कानावर जायला नको.

जन्मभर चौकाचौकांत बसून सरकारसाठी गाड्या मोजल्या. निवृत्त झालो तरी जित्याची खोड. रोज चहा झाला की तुझ्या जुन्या खोलीच्या खिडकीत बसतो, अंगठ्याने दाबायचं ते मोजणीयंत्र घेऊन तासभर मोजतो. आई म्हणते, या माणसाला स्वर्गात नेलं तरी हा दारात बसून येणारेजाणारे मोजेल.

गेल्या महिन्यात तिने छोटीसाठी ती खोली आवरायला काढली. नातीला घरातली सगळ्यात हवेशीर खोली हवी, तुला दिली होती तशी. माळ्यावरून तुझ्या लहानपणीची कॅलेंडरं निघाली. तुला धाप लागली की आई त्या तारखेला लाल गोल करायची. मला कुठलं राहवतंय? माझ्या जुन्या वह्या काढून शेजारी ठेवल्या. घरासमोरचा रस्ता मी तेव्हाही हौसेने मोजत असेच.

तू आठ वर्षांची असताना पूल दुरुस्तीला निघाला आणि सात महिने सगळे ट्रक आपल्या दारावरून गेले. त्या सात महिन्यांत चौतीस गोल आहेत. त्याआधीच्या सात महिन्यांत नऊ. ट्रकांच्या त्या सात महिन्यांतला मधला दीड महिना तू टेकडीवर मावशीकडे होतीस, तेव्हा एकही नाही. आपल्या रस्त्यावर ट्रकांना जागा आहे, हा अहवाल माझ्याच मोजणीवरून गेला होता. तक्त्यात ट्रक, बस, मोटार, सायकल असे रकाने होते. खिडकीशी कोण झोपतं, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही.

वह्या घेऊन छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आधी हसल्या, मग चष्मा लावून बसल्या. एका घराच्या कॅलेंडरावरून काही सिद्ध होत नाही म्हणाल्या, पण वर्दळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या मुलांना दम्याचा धोका जास्त असतो, हे पुष्कळ ठिकाणी दिसलंय. आईला दमा असेल तर मुलाला आणखी जपायचं. छोटीला या थंडीत दोनदा पंप द्यावा लागला, हे मी त्यांना सांगितलं.

मावशीकडून परत आल्यावर तू शाळेच्या शर्यतीत अर्ध्यातच थांबलीस. मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "सोंगं पुरे. मावशीने लाडावून ठेवलीय." तुला बोलायलाही दम उरला नव्हता. चुकलो गं मी. फार चुकलो.

काल सकाळी तासाभरात दोनशे बारा ट्रक गेले. पुलाच्या दिवसांत एकशे चाळीसच्या वर कधी गेले नव्हते. मागच्या खोलीचाही विचार केला, पण आपलं घर केवढं, दोन खोल्यांमध्ये अंतर दहा पावलांचं.

आईने पडदे शिवायला घेतलेत. छोटीची उंची मोजायला मी भिंतीवर पट्टी रंगवली आहे. दोन वर्षं नात घरात असणार म्हणून दोघंही वेडे झालो आहोत. तरी सांगतो, तिला इथे पाठवू नकोस. तुझी नोकरी फिरतीची, तिच्याजवळ कुणीतरी हवं, हे कळतं. आम्हीच तिकडे येतो, एका कोपऱ्यात मावू. तू हो म्हणालीस की आईला सांगेन. तोवर तिला शिवू दे.

तुझाच,
हवं ते वेळेवर न मोजणारा
बाबा