सीटच्या जागी पाण्याची टाकी

रेनो, शनिवार दुपार

लाडक्या अर्सुला,

आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे आधी सांगते. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या विमानांच्या शर्यतीत वेग मिळावा म्हणून व्हर्नने आमच्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचे पंख आणखी कापलेत. मागची सीटही काढली. लग्नानंतर त्याच्या मागे त्याच सीटवर बसून मी सबंध नेवाडा पाहिला होता. आता तिथे इंजिन गार ठेवायला पाण्याची टाकी आहे. मेकॅनिक ओटिस म्हणाला, "वहिनी, रागावू नका. पाणी तुमच्यापेक्षा कमी बोलतं!" सगळे हसले, मीही हसले. मग ते पुन्हा इंजिनाबद्दल बोलू लागले आणि मी दिवसभर खुर्चीत बसून राहिले.

कालच्या फेरीत व्हर्नचं इंजिन बंद पडलं. अशा वेळी वैमानिक आधी विमान वर खेचतो, मग रेडिओवर बोलतो. त्या मधल्या शांततेत मला शाळेतली एकही प्रार्थना आठवेना गं. तो नीट उतरला. आज दुसरं इंजिन बसवलंय.

जेवताना तो एकदम म्हणाला, "तू नको म्हणालीस, तर उद्या अंतिम शर्यतीत उडणार नाही."

या वाक्यासाठी मी तीस वर्षं थांबले होते. पण एकसष्टाव्या वर्षी त्याचा चेहरा निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा झाला होता.

मी म्हटलं, "सूप निवतंय, पी आधी."

हे पत्र आज तिकडे निघालेल्या एकाच्या हाती देतेय, रात्री मिळेल. उद्या चार वाजता, शर्यत सुरू होताना, चर्चमध्ये एक मेणबत्ती लाव, पण माझ्यासाठी. तो वर खुशीत असेल. खाली मी एकटीच असेन.

तुझी थोरली,
मॅव्हिस