खेपभावाचा मध

नारोक, ७ जुलै २०१८

ती. कोकोस,

सा. न. वि. वि. तुझ्या रेसियातोने डोकं पुढे केलं आहे, तिथूनच हात ठेव.

पत्रास कारण की काल मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. पपाचा फोन आला होता. तू अंथरुणाला खिळली आहेस, कुणाला ओळखत नाहीस, नातीचं नाव तेवढं घेतेस, तरी मुलीला आठ दिवस घरी पाठवा, असं तो म्हणाला. मी पेटी भरायलाच घेतली होती. तेवढ्यात शिष्यवृत्तीवाली नासिएकूताई आली आणि पेटीवरच बसून राहिली. म्हणाली, माझ्या शिष्यवृत्तीवरच्या दोन मुली गेल्या वर्षी अशाच आजारी आयांना भेटायला गेल्या, त्या लग्न होऊनच सापडल्या. मला तिचा राग आला. मी म्हटलं, माझी कोको खोटं आजारी पडणाऱ्यांतली नाही. तर ती म्हणाली, मग तिलाच विचार, पत्र मी नेते.

कोको, तू खरंच आजारी असशील तर मी सगळं टाकून येईन. नसशील तर तुझ्या हाताने दोन ओळी लिही. घाबरलेल्या शेळ्या पळाव्यात तसं तुझं अक्षर असतं, ते मी लगेच ओळखेन.

बाकी ठीक. पहिल्या वर्षाच्या लहान मुली माझ्याकडे सोपवल्या आहेत, मी त्यांची मोठी बहीण. एकीला पलंगाची भीती वाटते, जमिनीवर झोपते आणि पलंगावर तिची चप्पल ठेवते.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझी,
रेसियातो


लोइता, १० जुलै

चि. रेसियातोस,

कोकोने तुझ्या कपाळावर मनापासून थुंकून आशीर्वाद दिला आहे, पुसू नकोस.

मी आजारी आहे हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. नासिएकू आली तेव्हा मी छपरावर बसून शेण लिंपत होते. तिने खालून तब्येत विचारली. मी म्हटलं, वर ये आणि बघ. तिने पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी इतकी हसले की छपरावरून पडायचीच बाकी होते, आणि पडले असते तर तुझ्या बापाचं बोलणं खरं झालं असतं. छपराचं म्हणशील तर मागची बाजू अजून गळते. तुझी आई म्हणते शेण कमी पडलं, मी म्हणते राख जास्त झाली. असो.

मग माझं हसू थांबलं. गेल्या महिन्यात सरहद्दीपलीकडून लेमाशोन नावाचा एक गुरांचा व्यापारी आला होता, ट्रक घेऊन. मधाने भरलेला मोठा सुका भोपळा देऊन गेला. मी तुझ्या बापाला, पारमुआतला, विचारलं, मध कशाला. तो म्हणाला, येयो, खोकल्यासाठी. मुलगा चाळिशीचा झाला तरी त्याच्या खोकल्यावर आईचा विश्वास बसतो, तसा माझाही बसला. कुणाचा मध घेतला म्हणजे त्याला मुलगी दिली, हे तुला सांगायला नको. तू आलीस की आधी तुझ्या सुंतेचा वस्तरा, मग लग्न, आणि तुझी पुस्तकं चुलीत. तुझी शाळेतली जागा दुसऱ्या मुलीला जाईल. तिला मिळू दे, पण तिच्या स्वतःच्या जागेवर, तुझ्या नाही.

तेव्हा तू येऊ नकोस. ऑगस्टची सुट्टी नासिएकूकडे काढ. शनिवारी लेमाशोन परत येतोय, त्याच्याच मधाची दारू प्यायला. म्हणतो मी पारमुआतनंतर सुंता झालेल्या खेपेचा, त्याच्याहून लहान. केस काळे केलेत. पण बाई, त्याच्या कानांची ओढून लांबवलेली पाळी त्याने वर गुंडाळून कानामागे अडकवलीय. त्या नंतरच्या खेपेची पोरं शाळेत जायची, त्यांनी कान कुठे ओढले? बघते.

अशीच खोड्याळ राहा, पत्र लिही.
तुझी ठणठणीत,
कोको


लोइता, १७ जुलै

चि. रेसियातोस,

कपाळ कोरडं झालं असेल, पुन्हा थुंकते.

शनिवारी सगळे म्हातारे आणि तुझ्या बापाच्या खेपेचे जमले. दारू छान मुरली होती, मी स्वतः ढवळली होती, आणि मुद्दाम लेमाशोनचं प्यायचं शिंग रिकामं होऊ दिलं नाही. तुझा बाप खूष, म्हणाला, येयोला जावई आवडला. मी म्हटलं, फार आवडला, अगदी मुलासारखा वाटतो.

मग मी त्याच्याजवळ बसले. म्हटलं, बाळा, तुझी आई असती तर आज किती सुखावली असती. योद्धेपण संपवताना तिने तुझे लांब केस भादरले असतील ना रे, रडला होतास का. आईचं नाव निघालं की प्यालेला पुरुष विरघळतो. लेमाशोन डोळे पुसत म्हणाला, रडायला वेळ कुठे होता, आईने अर्धं डोकं भादरलं आणि गारा सुरू झाल्या. तिने मला गाईच्या कातड्याखाली ओढलं आणि उरलेलं अर्धं तिथेच अंधारात भादरलं, अजून कानामागे व्रण आहे. दाखवायला म्हणून त्याने पाळी सोडली, ती खांद्यापर्यंत लोंबली.

रेसियातो, गारा एकाच समारंभात पडल्या होत्या. तुझ्या बापाच्या. मी पण तिथेच होते, त्याच्याबरोबर दुसऱ्या कातड्याखाली, वस्तरा हातात घेऊन. जमलेल्यांतले निम्मे त्याच दिवशी अर्धवट डोक्याने पळाले होते. दूरदूरची पोरं आली होती तेव्हा, हा कुठलातरी हडकुळा असेल, कुणाच्या लक्षात राहिला नाही. म्हणजे हा पारमुआतचा खेपभाऊ. एका खेपेत सुंता झालेल्यांतल्या एकाची मुलगी ती सगळ्यांची मुलगी. हा आपल्याच मुलीशी लग्न करायला निघाला होता.

म्हाताऱ्यांनी शिंगं खाली ठेवली. सगळ्यांत म्हातारा लोलदापाश, त्याने तर तोंडातला घोटही बाहेर टाकला. लेमाशोन म्हणाला, मोजण्यात चूक झाली. लोलदापाश म्हणाला, गाई विकताना होत नाही का रे तुझी चूक. ट्रक इतक्या घाईने निघाला की एक बोकड कुंपणातच राहिला. तो आम्ही खाल्ला. मध परत करायचा म्हणे, पण तो तर सगळ्यांच्या पोटात.

तुझा बाप दोन दिवस माझ्याकडे बघत नाही. न बघू दे.

आहे तशीच माया ठेव.
कोको


नारोक, २५ जुलै

ती. कोकोस,

सा. न. वि. वि. डोकं पुढे आहेच.

तुझं पत्र मी मुलींना वाचून दाखवलं. पलंगावर चप्पल ठेवणारी लानोइ हसता हसता पलंगावरच चढली आणि तिथेच झोपली.

पण कोको, झोपताना मला एक गोष्ट टोचत राहिली. लेमाशोन गेला तो खेपभाऊ निघाला म्हणून. माझं शिक्षण चालू आहे म्हणून नाही, मला नको आहे म्हणून नाही. पुढचा माणूस बरोबर खेपेचा आला, कान नीट, केस खरेच काळे, तर? तेव्हा लोलदापाश घोट गिळेल ना? तू पुरुषांच्या नियमाने पुरुषांना हरवलंस, ते फार छान झालं. पण तो नियम माझ्यासाठी केलेला नाही. रागावू नकोस. मला दर सुट्टीला नासिएकूताईच्या घरी लपायचं नाही. मला माझ्या घरी यायचं आहे.

लोभ असू दे, रागातही.
तुझी,
रेसियातो


लोइता, १८ नोव्हेंबर

चि. रेसियातोस,

आज थुंकी नाही. तू आलीस की डोक्यावर खरा हात ठेवणार.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. मी एवढा सिंह मारला आणि पोरगी विचारते, दुसरा आला तर. नासिएकूला म्हटलं, तुझ्या शाळेत हेच शिकवतात का. ती म्हणाली, हो. मग मी चार दिवस तुला उत्तर द्यायचं नाही म्हणून बसले, आणि मग देण्यासारखं उत्तरच नव्हतं म्हणून बसले. ते आता आहे.

ऑक्टोबरात दुसरा आला. अगदी तू लिहिलंस तसा. बरोबर खेपेचा, तरुण, दात पांढरे, बोलायला गोड. मलाच आवडला मेला. तुझ्या बापाने मध घेतला आणि या वेळी खोकल्याचं नावही काढलं नाही.

त्याच आठवड्यात बाभळीखाली नासिएकूची सभा होती, मुलींच्या शाळेबद्दल. तू पाहिल्यात ना तिच्या सभा, पुरुष सावलीत, आम्ही मागे उन्हात, ती बोलते, ते माना हलवतात आणि घरी जाऊन विसरतात. मी उठून सावलीत गेले. म्हटलं, पारमुआत, मध परत कर. तो म्हणाला, येयो, मुलगी माझी, गाई माझ्या, तू बस. मी म्हटलं, मुलगी तुझी, गाई तुझ्या, आणि दूध? गाईच्या आचळाला हात लावणारा पुरुष आपल्यात जन्मायचा आहे. दूध बायकांचं, हे पुरुषांनीच ठरवलंय, मी नाही.

मी पुढे काय बोलणार होते ते विसरले. तेवढ्यात तुझी आई उठली. तुझी आई, जी नवऱ्यापुढे शिंकत पण नाही. तिने सगळ्यांसमोर दुधाचा भोपळा उपडा केला. रिकामाच होता तो, सकाळीच धुऊन ठेवलेला, पण उपडा केला. मग एकामागून एक सगळ्यांनी केले, लोलदापाशच्या तिन्ही बायकांनीसुद्धा. मी सांगून टाकलं, शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलीसाठी ज्याने मध घेतला, त्याला या वस्तीत थेंब मिळणार नाही. वासरांना पाजू, पोरांना पाजू, त्याला नाही.

तुझा बाप बाजाराच्या दुकानात जाऊन कोरा चहा पिऊ लागला. त्याचे खेपभाऊ भेटायला आले की त्यांना काय देणार, म्हणून मग तोच त्यांना भेटायला जायचा, तर तिथेही त्यांच्या बायकांनी उपडेच दाखवले. मला म्हणाला, तू मला वैरी केलंस. मी म्हटलं, मी तुला जन्म दिला, वैरी तू स्वतः झालास, आणि अजून वेळ आहे. तो रागावून गेला. मी रडले नाही असं लिहिणार नाही.

परवा सकाळी तो मधाचा भोपळा डोक्यावर घेऊन त्या पोराच्या वस्तीवर चालत गेला. सगळ्यांच्या देखत परत देऊन आला आणि म्हणाला, मुलगी शिकतेय, संपेपर्यंत विचारू नका. आला तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं. तुझ्या आईने दुधाचा भोपळा भरून समोर ठेवला. तो श्वास न घेता प्यायला.

तेव्हा डिसेंबरात ये. दिवसाढवळ्या ये, शाळेच्या कपड्यांत, पुढच्या दाराने. पपाच्या पाया पड, पण तो बदललाय असं समजू नकोस. तो बदललेला नाही, तो तहानलाय. सध्या मला तेवढं पुरे आहे, आणि गाई दुभत्या आहेत.

वाट बघते आहे, माया पेटीत भरून आण.
तुझी,
कोको