रानमेंढ्याला निघण्याआधीची कलमे

मी, कासिमअली सोरोनबाय-उलू, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पूर्वी सरकारी फार्मवर शिकारी, हल्ली पेन्शनर, राहणार तेरेक-सू, जिल्हा नारीन, माझ्या मागे कोणी कोणाच्या झिंज्या धरू नयेत म्हणून हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. दारूचा थेंब घेतलेला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी बुरुल हिने माझे शिकारीचे बूट पेटीत घालून किल्ली कमरेला लावली आहे आणि "आधी कागद, मग बूट," असे ती म्हणते. पण याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे ग्रामसोव्हिएतची चिटणीस कालिचा सांगते.

कागदाची वेळ का आली तेही नोंदवतो. माझ्याकडे एका नराच्या शिकारीचा परवाना आहे, महिनाअखेरपर्यंतचा. सोमवारी रायफल तपासायला मी ओढ्यापलीकडच्या पांढऱ्या दगडावर गोळी झाडली. दगड उठला आणि बें बें करत चालू लागला. तो मास्तरांचा बोकड होता. त्याला काहीही लागले नाही.

"काय हो म्हातारबुवा," बुरुल म्हणाली, "दगडांना शिंगं कधीपासून फुटायला लागली?"

"ऊन डोळ्यांवर होतं."

"ऊन तुमच्या पाठीला होतं. उद्या दरीलाच वाट समजाल. मला विधवा करायचंय ना, खुशाल करा. पण कागद करून जा. सून माझ्याशी चमच्यांवरून भांडेल."

म्हणून हा कागद.

कलम १. घर रिवाजाप्रमाणे धाकट्या मुलाला, मेलीसला. तो नारीनमध्ये ट्रक चालवतो आणि घरी पाहुण्यासारखा येतो, तरी रिवाज तो रिवाज. चुलीजवळची उबेची जागा बुरुल जिवंत असेपर्यंत बुरुलची. सुनेने ती जागा झाडायच्या निमित्तानेही घेऊ नये. चमचे बुरुलचे.

कलम २. राखाडी घोडा बुरुलला. तो सध्या पाच रात्री उघड्यावर बांधलेला आहे व त्याला मोजूनमापून चारा मिळतो, कारण सुटल्या पोटाचा घोडा चढणीवर धाप टाकतो. मलाही बुरुलने याच बेताने ठेवले आहे. मेव्हणा जपार याला घोडा मुळीच देऊ नये. अठ्ठावन्न साली त्याने या घोड्याचा बाप घोडेस्वारांच्या खेळाला म्हणून नेला आणि अर्धा कान गमावून परत आणला. वर म्हणाला, "भावजी, ऐकायला एक कान पुरतो." जपारला चाबूक द्यावा. त्यावर बसून त्याने कुठे हिंडायचे ते हिंडावे.

कलम ३. शिधा असा: भाजलेल्या जवाचे पीठ दोन पिशव्या, लोण्याचा डबा एक, वाळवलेल्या दह्याचे गोळे एक पिशवी. मी परत आलो नाही तर जे शोधायला येतील त्यांनी हे खावे. गोळे गेल्या वर्षीचे आहेत, दात असणाऱ्यांनीच पुढे व्हावे. मला दुसऱ्या खिंडीपर्यंत शोधावे. तिसरीपर्यंत मी पोचत नाही, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

शिकारीची तयारी चालू असता घरात त्या जनावराचे नाव घ्यायचे नसते. त्याला ऐकू जाते. पण कालिचा म्हणाली, "आबा, 'ते जनावर' असं सरकारी कागदावर चालत नाही." म्हणून एकदाच लिहितो: अर्कर, म्हणजे रानमेंढा. लगेच अर्चा या डोंगरी झाडाच्या फांद्या पेटवून घरभर धूर फिरवला आहे. कालिचा अजून खोकते आहे.

कलम ४. रायफल बुरुलला. यावर मेलीस हसेल, म्हणून खुलासा करतो. लोक मला नेमबाज म्हणतात, कारण मी युद्धावर गेलो होतो. मी युद्धात चार वर्षे आचारी होतो. मी आघाडीवर कोबी चिरत होतो तेव्हा गावात पुरुष उरला नव्हता, आणि याच डोंगरातून मांस आणून तीन घरची पोरे बुरुलने जगवली. मी परतलो त्या दिवशी तिने रायफल माझ्या हातात दिली आणि स्वतः झारा घेतला. आम्ही दोघांनीही तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढायला हवा होता.

कलम ५. माझा लांडग्याच्या कातड्याचा कोट व जर्मन दुर्बीण शेजारी ओसमोनकुल याला.

हे वाचून गाव तोंडात बोट घालील, कारण ओसमोनकुलने मला लुबाडले असे गावात शेंबडे पोरही सांगते. आमच्याकडे शिकारी परतताना वाटेत जो प्रथम भेटेल त्याने "शिराल्गा!" म्हणावे आणि शिकाऱ्याने आपल्या शिकारीतला वाटा द्यावा, नाही म्हणता येत नाही. हा रिवाज वाटसरूसाठी आहे. ओसमोनकुल वाटसरू नव्हता. तो पुलावर तीन पायांचे स्टूल टाकून बसायचा. चहाची किटली जवळ असायची. वीस वर्षे माझ्या मागच्या मांड्या त्या पुलावर उतरल्या. माझ्या म्हणजे मेंढ्यांच्या. "कासिम, तब्येतीला जप रे," म्हणायचा, "तू पडलास तर मी काय खाऊ?" मी त्याला मनातल्या मनात त्या नदीत किती वेळा बुडवला असेन, देव जाणे.

कलम ६. हे कलम कालिचाने मोठ्याने वाचावे. तशी गरज नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि म्हणूनच मी तिच्याकडून हा कागद करून घेत आहे.

सहासष्ट सालापासून माझ्या डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखे दिसते. त्या वर्षी मी आठ दिवस डोंगरात राहिलो आणि रिकामा परतलो. नाव जाईल या भीतीने खोगिराच्या पिशव्यांत अर्चाच्या फांद्या कोंबल्या आणि वर जुने कातडे टाकले. पुलावर अर्धे गाव होते. ओसमोनकुल उठला, "शिराल्गा!" ओरडला आणि त्याने पिशवीत हात घातला. हात फांद्यांना लागला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी घोड्यावर बसल्या जागी मेलो होतो.

"सगळा दे!" ओसमोनकुल ओरडला. "पाव नको, अर्धा नको. अख्खा मेंढा मला!"

"अरे, लाज आहे का?" म्हातारे म्हणाले.

"लाज भाजून खाता येते का?" असे म्हणून दोन्ही पिशव्या उचलून तो घरी गेला. संध्याकाळी त्याने आपल्या कळपातली मेंढी कापली, म्हाताऱ्यांना बोलावले आणि माझ्या शिकारीचे म्हणून खाऊ घातले. मास्तर बोटे चाटत म्हणाले, "रानातल्या चवीची बातच और." तेव्हापासून दर शरदात असेच झाले. मी पाला आणायचा आणि त्याने आपली मेंढी कापायची. माझी झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली आणि त्याचे नाव खादाड पडले. आम्ही दोघे यावर कधी एक अक्षर बोललो नाही.

वसंतापासून ओसमोनकुलच्या छातीत पाणी साचते. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, हिवाळ्याचा भरवसा धरू नका. गेल्या आठवड्यात मी त्याच्या उशाशी बसलो असता तो म्हणाला, "कासिम, एकदा खरा आण रे. पाल्याचा रस्सा पिऊन कंटाळा आला."

म्हणून मी उद्या जातो आहे. पण मला भीती डोंगराची नाही. आमच्याकडे माणसाला पुरण्याआधी सगळ्यांना विचारतात, "हा माणूस कसा होता?" आणि सगळ्यांनी "चांगला होता" म्हणायचे असते. ओसमोनकुलच्या वेळी कोणी खाली मान घालून हसले, आणि मी तोवर दरीत पडलेला असलो, तर खरे सांगायला कोण उरणार? म्हणून लिहितो: तो चांगला माणूस होता. माझ्यापेक्षा चांगला.

कलम ७. हे ऐकून बुरुलने पेटी उघडली. तिने दोन जोड बूट बाहेर काढले.

"दुसरे कुणाचे?" मी विचारले.

"माझे. पाला मला आठ वर्षांपूर्वीच कळला होता. खोगीर कोण झाडतं, तुम्ही? ते जनावर कुठून येतं ते तुम्ही सांगा, गोळी मी घालते. आणि बोकड दिसला तर मध्ये बोलू नका."

तरी मेंढा मिळाल्यास तो बुरुलने मारला असे सर्वांनी म्हणावे. आम्ही दोघे न परतल्यास चमचे सुनेला.

सही: कासिमअली सोरोनबाय-उलू

साक्षीदार पहिली: कालिचा, चिटणीस. नोंद करते की, आजारी ओसमोनकुल यांच्या अंथरुणाशी जाऊन हा कागद वाचून दाखवला. त्यांनी स्वतः साक्षीदार होण्याचा हट्ट धरला. ज्याला काही मिळते त्याला साक्ष घालता येत नाही, असे मी समजावले. ते म्हणाले, "मग कोट आणि दुर्बीण खोड, पोरी. पेन इकडे दे." लिहून देणाऱ्यांच्या संमतीने कलम ५ मधील देणगी रद्द केली आहे. कासिमआबा त्या वेळी खिडकीकडे तोंड करून उभे होते.

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या हाताने: मी ओसमोनकुल, शेजारी. पूर्ण कागद ऐकला. लिहून देणाऱ्याची बुद्धी कलम १ ते ५ आणि ७ मध्ये शाबूत आहे. कलम ६ मध्ये बिघडली आहे, म्हातारपणी होते असे. पाला वगैरे सब झूट. त्याने मला दर वर्षी अख्खा मेंढा दिला. सगळे लठ्ठ होते.

तेरेक-सू, ९ ऑक्टोबर १९७४