अकरा नंबर

सारंगखेडा,
३ मार्च २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. केळीची कापणी चालू आहे. मायची तब्येत बरी.

तुला हसू येईल, पण मी शहाद्याच्या चालणाऱ्यांच्या मंडळात नाव घातलं. १६ तारखेला ते तोरणमाळ चढणार आहेत. गोपालला जाऊन तेव्हा वर्ष होईल. मी त्याचाच अकरा नंबर मागून घेतला.

त्या मंडळात प्रत्येकाला नंबर असतो. थांबलं की ज्याने त्याने आपला नंबर मोठ्याने बोलायचा. मोजणी पुरी झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही. मागच्या वर्षी याच चढावर आपला गोपाल छाती धरून मागे बसला, तरी मोजणीत अकरा आला. तो अकरा बोलला मंडळाचा प्रमुख रूपचंद. गोपाल येतोच आहे, जेवण थंड होतंय, असं पुटपुटला. वाऱ्यात बाकीच्यांना आवाज ओळखू आला नाही; त्याच्या शेजारी भिला उभा होता, त्याने ऐकलं. दोन तासांनी शोधायला गेले तेव्हा गोपाल संपला होता. भिला रूपचंदच्याच दुकानात कामाला. त्याने मला दिवाळीत सांगितलं, पण चारचौघांत बोलणार नाही.

रूपचंदने मात्र आपल्या ओट्यावर बसून मायला सांगितलं की गोपालने नंबर दिला आणि मग हट्टाने एकटाच मागे वळला. माय अजून त्या मेलेल्या पोरावर चिडते. मला हे रूपचंदच्याच तोंडून खोटं पाडायचं आहे.

मुलांना आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.
तुझा,
शांतीलाल

सुरत,
९ मार्च २०२५

ती. शांतीलालदादांस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग हसूही आलं. बैलावर कधी ओरडला नाहीत, तुम्ही रूपचंदवर काय ओरडणार? गोपाल म्हणायचा की दादाला रागवायचं तर आदल्या दिवशी सांगावं लागतं.

वहिनीने फोनवर सांगितलं की नवे बूट घालून बांधावर फेऱ्या मारता आणि रात्री गुडघ्याला तेल चोळता. जपून चढा. रूपचंदला दरीत ढकलायचं मनात असेल तर काढून टाका. पण सोडू नका त्याला. त्याच्यामुळे मी मायच्या तोंडून भावाला शिव्या ऐकल्या.

मायला नमस्कार. आमच्यावर लोभ असतोच, तो वाढवा.
आपली,
मोहिनी

सारंगखेडा,
१९ मार्च २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघे शाबूत आहेत. रविवारी वारा फार होता. दोघांच्या टोप्या दरीत गेल्या. वर पोचल्यावर मोजणी सुरू झाली. दहा झाले आणि मी गप्प बसलो.

रूपचंद म्हणाला की दादा, बोला ना. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. मंडळातल्या ईश्वरने थट्टा केली की दादा झोपी गयात. पुन्हा एकपासून मोजलं, पुन्हा दहावर अडलं. लोक वैतागले, भूक लागली होती, डोळ्यांत धूळ जात होती. तिसऱ्या वेळी दहा झाल्याबरोबर रूपचंद चिडून स्वतःच अकरा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघत होते. मग भिला उभा राहिला. म्हणाला की मागच्या वर्षीही अकरा असाच आला होता, याच तोंडून.

रूपचंद खाली बसला. सगळं कबूल केलं. माझे पाय धरायला आला, मी पाय मागे घेतले. त्याला एवढंच सांगितलं की माझ्याशी बोलू नको, मायला सांग.

काल संध्याकाळी रूपचंद घरी आला. मायने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मग मला म्हणाली की दार उघाडं कर, आणि त्याला म्हणाली की आता पुन्हा सांग, गल्लीले ऐकू जाऊ दे. त्याने सांगितलं. शेजारची अनुसयाबाई आली, तिच्यासाठी परत सांगायला लावलं. ओटा भरला तसं आणखी एकदा. तेव्हा त्याचा घसा बसला, शब्द फुटेना. त्याने माठाकडे बघितलं.

माठ माझ्या हाताशी होता. मी पाणी दिलं नाही.

जावईबापूंना नमस्कार. जमलं तर मायला भेटून जा.
तुझा,
शांतीलाल