पाव्हण्यांची खोली

मंगळवार, संध्याकाळ
आखाडा बाळापूर

यांनी जुन्या घरातल्या झोपायच्या खोल्या टप्प्याटप्प्यानं नव्या करायला काढल्या. आधी आमची, मग पाव्हण्यांची, शेवटी सासूबाईंची. पाव्हण्यांच्या खोलीत छताला निळे दिवे बसवले. निळे दिवे! तिथं अजून एकही पाव्हणा झोपला नाही, आणि इकडं सासूबाईंच्या अंथरुणात माळवदाची माती पडते. आज दुपारी मातीसोबत विंचू पडला, थेट उशीवर. मीच चपलेनं मारला.

यांना सांगितलं तर म्हणतात, "दिवाळीनंतर बघू. आईला सवय आहे."

कशाची सवय? विंचवाची?

मी सासूबाईंची गादी उचलली आणि त्या निळ्या दिव्यांखाली नेऊन टाकली. त्या दारातच थबकल्या. "न्हाई गं, तो रागावंल."

"रागावू द्या."

तेवढ्यात हे आले. मला वाटलं, आता तरी लाजतील. यांनी आईकडं बघितलं, नव्या फरशीकडं बघितलं आणि म्हणाले, "आई, पाय पुसून ये."

बिचारीनं खरंच पाय पुसले. अशा माणसाशी मी इतकी वर्षं नीट बोलले तरी कशी?

सासूबाई आत निवांत पडल्यात. हे गुडघ्यावर बसून फरशीवरचा मातीचा डाग घासून राहिले. घासू देत.