पाच दारांवर एकच माणूस

८ जाने., गुरुवार

पाचपैकी चार चित्रकार्डं नापास. मंगळवारच्या बाजारात दाखवून आणलेली कार्डं सुनीलने माझ्या बाकावर टाकली. म्हणाला, "इंजेक्शनचं चित्र बघून एक आजी म्हणे, ढोरांचा डॉक्टर."

मग बाटली. औषधाच्या खिडकीसाठी मी किती छान बाटली काढली होती, शेडिंगसकट! चार जणींनी विचारलं, तिथे दारू मिळते का. रक्ताचा थेंब दाखवला तर एका काकाने सांगितलं, डिझेल.

किंजल पोट धरून हसली. मला राग आला. मी पेंटरची मुलगी, अब्बांनी या गावातली अर्धी दुकानं रंगवलीत, आणि माझ्या हातची बाटली लोकांना दारूची वाटते म्हणजे काय! सुनील म्हणाला, "चित्र भारी आहे गं. फक्त दवाखान्याचं नाही वाटत." हेच आणखी लागलं.

१० जाने., शनिवार

प्रोजेक्ट वहीत लिहायचं म्हणून इथे आधी कच्चं. विषय: डिझाइन व ग्राफिक्स, अकरावी. गट: मी (नाझिया), किंजल, सुनील. काम: सरकारी दवाखान्याच्या पाच दारांवर पाच चित्रपाट्या. केसपेपर, रक्ततपासणी, इंजेक्शन, बाळंतपण, औषध. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी चित्र बघून दार ओळखायचं.

कल्पना सु.ची. तो वर डोंगरातला, धडगावकडचा, इथे होस्टेलला असतो. त्याची मामी पावसाळ्यात तापाने फणफणून खाली आली होती, सकाळची पहिली जीप पकडून. औषधाच्या रांगेत दुपारपर्यंत उभी राहिली. खिडकीशी पोचल्यावर आतून सांगितलं, केसपेपर कुठाय? तो तर पलीकडच्या दारावर. तोवर तेही बंद. सगळ्या पाट्या मराठीत, आणि मामी पावरी बोलते, वाचता काहीच येत नाही. तशीच तापात घरी गेली. सु. म्हणाला, ती आता दवाखान्याचं नाव काढलं तरी उठून जाते.

वहीत एवढं लिहायचं नाही असं डिझाइनच्या मॅडम म्हणाल्या. वहीत लिहायचं: "उद्दिष्ट – सामाजिक उपयुक्तता."

१३ जाने., मंगळवार

बाजार. आज मीपण सु.सोबत गेले. नवीन चित्रं: दंड आणि त्यात सुई. तळहातावर दोन गोळ्या. बोटाच्या टोकावर थेंब. बाळंतपणाला आधी बाई आणि पाळणा होता, तर सगळ्या अंगणवाडी म्हणायच्या. आता आडवी झोपलेली बाई, पोट मोठं.

मिरची विकायला बसलेल्या एका म्हातारीने ते बघितलं, स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि अशी हसली! सु.ने तिचं बोलणं मला सांगितलं, "म्हणते, सात वेळा गेली या दारातून."

पाचही पास. पाचही! येताना उसाचा रस प्यायलो. सु. एवढा बोलताना मी कधी बघितला नव्हता.

१६ जाने., शुक्रवार

कि.ने सगळी चित्रं लॅपटॉपवर घेतली. लॅपटॉप तिचाच. प्रकाशा गावाला त्यांची केळीची शेती आहे, तिच्या पप्पांनी दहावीच्या निकालाला घेऊन दिलाय. तिला लॅपटॉपवरचं कोरलड्रॉ येतं, मला हात आहे, सु.ला माणसं येतात. बरं चाललंय आमचं.

पिवळ्या जमिनीवर काळं चित्र, दुसरं काही नाही. लांबून बघितलं, वर्गाच्या शेवटच्या बाकावरून. दिसतं.

१९ जाने., सोमवार

मुख्याध्यापक सरांनी ऑफिसात बोलावलं. खूश होते. पाट्या खरंच दवाखान्यात लागणार! संस्थेचे अध्यक्षसाहेब स्वतः छापून देणार, तिकडच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलणंही झालं. शाळेच्या प्रोजेक्ट स्पर्धेचं सादरीकरण ३० ला, हॉलमध्ये, पाट्यांचं अनावरण साहेबांच्या हस्ते. आम्ही तिघांनी नाचायचंच बाकी होतं.

बाहेर आलो तर शिपाईभाऊंनी पेन ड्राइव्ह हातात ठेवला. "नाझीताई, साहेबनी धाडेल शे. साहेबना फोटो मोठा घेजो, पोऱ्याना धाकला."

मी म्हटलं, "कसला फोटो?"

"आते फ्लेक्स म्हनजे फोटो नको का?"

पेन ड्राइव्हमध्ये अकरा फोटो. हात जोडलेले साहेब. फोनवर बोलणारे साहेब. गॉगल घातलेला त्यांचा मुलगा.

२० जाने., मंगळवार

मॅडमना सांगितलं. त्या कंत्राटी, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "सर सांगतात तसं करा गं."

तिघंच सरांकडे गेलो. सु.ने सांगितलं, फोटो नको, लोक गोंधळतील. सर हसले. "अरे, ज्याने पाट्या दिल्या त्याचा फोटो नको? फोटो नसेल तर पाट्या लागायच्या नाहीत, एवढं साधं आहे." हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून. मला कळतं हे त्यांना माहीत होतं. बोर्ड रंगवणाऱ्याची पोर आहे, कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली हे मी चालायच्या आधी शिकले.

बाहेर कि. म्हणाली, "तुले काय करनं शे? लागी जाऊ दे एकदाना."

सु. होस्टेलकडे चालायला लागला.

२२ जाने., गुरुवार

केलं. मीच केलं. कि.चा हात नीट बसत नव्हता म्हणून मीच लॅपटॉप पुढ्यात ओढला.

वरच्या अर्ध्यात साहेब, हात जोडून. शेजारी गोलात मुलगा. खाली "सौजन्य" आणि संस्थेचं नाव. डाव्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत चित्र. बोट शेंगदाण्याएवढं झालं, त्यावरचा थेंब तर बघूच नका. एक पाटी नीट जमवली आणि तिच्यावरून बाकीच्या चार केल्या, फक्त कोपरा बदलला. पंधरा मिनिटांत पाचही तयार.

आणि एक तास कशात गेला? साहेबांच्या गालावरचा डाग काढण्यात. रंग दोन शेड उजळ केला. कोणी सांगितलं नव्हतं. फ्लेक्सवर असंच करतात म्हणून करत गेले. आता हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सु. मागे उभा होता. म्हणाला, "हे बाजारात दाखवू या एकदा."

मी म्हटलं, "वेळ नाही. उद्या छपाईला द्यायचंय."

वेळ होता. मंगळवारचा बाजार झाल्यावर, बुधवारी द्यायचं होतं.

२३ जाने., शुक्रवार

मोबाइलवर अब्बांना दाखवलं. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. "नाझी, ये दवाखाने का है के इलेक्शन का?"

अम्मी म्हणाली, पोरीला बोलू नका, तिचा पहिला नंबर येतोय. अब्बांनी मोबाइल परत माझ्या हातात दिला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० जाने., शुक्रवार

सादरीकरण झालं. सकाळपासून हॉल झाडणं, रांगोळी, नारळ. साहेब दीड तास उशिरा. पाच पाट्या स्टेजवर, वर लाल कापड. कापड ओढलं, टाळ्या. साहेब स्वतःकडे बघत होते, पाच ठिकाणी.

कि. बोलली, रंग आणि आकाराबद्दल. मी बोलले, चित्रं कशी बदलत गेली त्याबद्दल. दारूच्या बाटलीवर लोक हसले. मग सु.ची पाळी, चाचणी. त्याला मॅडमनी दीड पान लिहून दिलं होतं. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "आम्ही बाजारात लोकांना चित्रं दाखवली. ही पाटी दाखवली नाही." आणि जाऊन बसला.

एक क्षण कोणालाच कळलं नाही. मग मु.सरांनी टाळ्या सुरू केल्या, सगळ्यांनी वाजवल्या. सरांनी माइक घेऊन सांगितलं की आदिवासी भागातला मुलगा आहे, स्टेजवर पहिल्यांदाच उभा राहिला, घाबरला.

घाबरला! वक्तृत्वात होस्टेलचं बक्षीस आहे त्याच्याकडे. मी स्टेजवर होते. माइक माझ्यापासून हातभर होता. मी ट्रॉफीकडे बघत उभी राहिले.

पहिला नंबर. जिल्हा स्पर्धेला निवड.

३१ जाने., शनिवार

सु.ला जिल्ह्याच्या गटातून काढलं. "त्याला ताण नको," इति सर. त्याचा भाग मी बोलायचा. मी "हो सर" म्हटलं. माझ्या तोंडातून "हो सर" इतकं पटकन निघतं की मलाच कळत नाही.

सु. माझ्याशी बोलत नाही. मी कार्डं मागितली, त्याने दिली. बस.

३ फेब्रु., मंगळवार

बाजाराचा दिवस म्हणून शाळेतून थेट दवाखान्यात गेले. पाट्या लागल्यात. पाच दारं, पाच साहेब. कोपऱ्यातलं माझं चित्र दाराजवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

औषधाच्या दारापाशी एक म्हातारी, बरोबर सून. म्हातारीच्या हातातल्या चिठ्ठीवर इंजेक्शन लिहिलेलं. तिने पाटीवरच्या साहेबांकडे बोट केलं. मग चालत पलीकडच्या दाराशी गेली, तिथेही बोट केलं. परत आली. सून मला म्हणाली, "ताई, इथे पण हाच बाबा, तिथे पण हाच. आमाला कंपाउंडरने सांगितलं पाटी बघून जा. हा बाबा कोणत्या खोलीत बसतो?"

मी म्हातारीचा हात धरला आणि इंजेक्शनच्या दारात नेलं. तिचा हात तापलेला होता. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला काय ठाऊक, तो चेहरा तिथे कोणी बसवला.

आतल्या सिस्टर म्हणाल्या, "तूच का ती बोर्डवाली? बाई, आधी लोक दार विचारायचे. आता बाबा विचारतात. आधी बरं होतं."

४ फेब्रु., बुधवार

मु.सरांना सगळं सांगितलं. फोटो काढून टाका, नाहीतर निदान चित्र मोठं करा. मी पुन्हा करून देते, फाइल तयार आहे, फोटो नसलेली.

सर फाइलींवर सह्या करत होते. "नाझिया, तू हुशार आहेस. हुशार मुलीने एवढं डोकं चालवू नये. दोनचार म्हाताऱ्या चुकल्या म्हणून काय झालं? चुकतातच." मग ड्रॉवरमधून कागद काढला. जिल्ह्यासाठी भाषण, टाइप केलेलं. तिसऱ्या परिच्छेदात: "आज डोंगराळ भागातील रुग्ण कोणालाही न विचारता योग्य दारापर्यंत पोहोचतात."

मी म्हटलं, "सर, हे खरं नाही."

"म्हणून तर नीट पाठ कर."

६ फेब्रु., शुक्रवार

कि.ला भाषण दाखवलं. ती म्हणाली, "अगं सगळेच असं बोलतात गं, परीक्षक थोडेच दवाखान्यात जाणारेत." मग, "तू नाही म्हटलंस तर आपल्या तिघांचे मार्क जातील, नाझी." तिघांचे म्हणाली. सु. तिच्या हिशेबात अजून आहे याचं मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही.

९ फेब्रु., सोमवार

होस्टेलच्या गेटवर सु.ला गाठलं. मंगळवारचं सगळं सांगितलं, म्हातारीचं, सुनेचं. मला वाटलं तो म्हणेल, मी सांगितलं होतं ना. तो तसं म्हणाला नाही. विचारलं, "इंजेक्शन मिळालं का तिला?"

"मिळालं. मी नेलं."

"बाकी दिवशी कोण नेतं?"

मी सॉरी म्हटलं. पाटीबद्दल, माइकबद्दल. तो चप्पलने माती उकरत राहिला. म्हणाला, आई शनिवारी फोनवर विचारत होती, तुमच्या पाट्या लागल्या का, मग मामीला घेऊन येऊ का एकदा. मामी पहिल्यांदाच हो म्हणाली आहे. भाच्याने पाटी केली म्हणून.

"तू काय सांगितलंस?"

"अजून काही नाही." मग माझ्याकडे सरळ बघून, "तू ते वाक्य म्हणणार आहेस का, एवढं सांग. म्हणजे मला कळेल आईला काय सांगायचं."

बस आली असं सांगून मी निघून आले. बस आली नव्हती.

११ फेब्रु., बुधवार

उद्या नंदुरबार, जिल्ह्याची स्पर्धा. सकाळी साडेसहाची गाडी, मॅडम, कि. आणि मी. अम्मीने ड्रेस इस्त्री करून ठेवलाय. सु.ने विचारलेल्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

दुपारपासून भाषण पाठ करतेय, आरशापुढे. अब्बा ओट्यावर नंबरप्लेट रंगवत ऐकत होते, एकदाही मान वर केली नाही. सुरुवातीला अडखळते. रंगांच्या भागात अडखळते. शेवटच्या आभारात साहेबांचं नाव घेताना तर दोनदा थांबले.

अकरा वेळा म्हटलं. तिसऱ्या परिच्छेदातलं ते वाक्य अकराही वेळा सरळ आलं, एका दमात, हसऱ्या चेहऱ्याने.