पलीकडे कुणी नाही

४ मे
आले बाई एकदाची. लेकानं, नकुलनं, शॉमबर्ग शहर सोडून मिशिगनमधल्या या नदीकाठच्या गावात घर घेतलं हे फोनवर ऐकलं होतं. पण मागच्या दाराशी नदी आणि नदीपलीकडे थेट कॅनडा, हे डोळ्यांनी बघावं असंच आहे. माझ्या खोलीतून समोरचा काठ स्वच्छ दिसतो: पिवळं घर, पांढरं चर्च, कुत्री फिरवणारी माणसं. या वयात उठल्या उठल्या पैलतीर बघायचा म्हणजे तयारीच म्हणायची, असं मी बोलले तर सूनबाई, अंतरा, हसली नाही. नात अनिकाला तो विनोद इंग्रजीत समजावावा लागला, आणि तो तिथेच मेला.

११ मे
डेकच्या कठड्यावर इरकल वाळत घातली. अंतरा म्हणाली, आई, प्लीज, इथे असं अलाउड नाही. म्हटलं, धुतलेल्या लुगड्याची लाज वाटणारा देश मी पहिल्यांदाच बघतेय. दुपारी बेल वाजली. दारात पिवळ्या घरातली शैलजा! मूळची नागपूरची शिक्षिका, नवरा गेल्यापासून एकटी. दुर्बिणीतून पक्षी बघताना तिला लुगड्याचे काठ दिसले, म्हणून बाई पुलावरून गाडी हाकत आली. कुंडीतला कढीलिंब आणत होती, तो कस्टम्सवाल्यानं कचऱ्यात टाकला. ताई, त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही बॉम्बच आणला होता, म्हणाली. दोघीही कॉन्व्हेंटच्या निघालो. नन्सच्या चालीची नक्कल करत डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मला तिकडचा व्हिसा नाही. ठरलं, सकाळी चहा घेताना आपापल्या काठावरून हात करायचा.

२० मे
नकुलची कंपनी गावाच्या टोकाला अणुवीज प्रकल्प बांधणार आहे. पलीकडच्यांचा कडाडून विरोध. कंपनीच्या नकाशात धोक्याचं वर्तुळ नदीच्या मध्यावर कापलंय, मोडलेल्या पापडासारखं. पुढे नुसता पांढरा कागद. विचारलं, तिथली माणसं? नकुल म्हणाला, ते त्यांच्या सरकारचं काम. मग आवाज उतरवून म्हणाला, जनसुनावणीत कंपनीला गावातली एखादी आजी बोलायला हवी आहे. आई, तुझं इंग्लिश फर्स्टक्लास. त्याचं ग्रीन कार्ड याच नोकरीवर लटकलंय. नोकरी गेली तर सगळ्यांनी बोचकी बांधायची. तरी मी ठणकावून "नाही" म्हटलं.

२४ मे
बोलले.
आधी शैलजा बोलली. म्हणाली, माझा कढीलिंब तुम्ही पुलावर अडवलात, तुमच्या भट्टीतून निसटलेली हवा कुठल्या खिडकीशी अडवणार? नकुलनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तापात बघायचा तसं. मी उठले, आणि शुद्ध, धारदार इंग्रजीत सांगितलं की मी रोज त्या खिडकीत बसते, समोर झाडांखेरीज काही दिसत नाही. पलीकडे कुणी नाही.
टाळ्या पडल्या. शैलजा ओरडली नाही. मराठीत एवढंच म्हणाली, "ताई, मी बसलेय ना हो इथे."
त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही. मीही केलं नाही.

२६ मे
कंपनीच्या पत्रकावर माझा फोटो आणि खाली माझं वाक्य. शेजारीण गळ्यात पडून ग्रेट स्पीच म्हणाली. मला अंघोळ करावीशी वाटली. सकाळी चहाच्या वेळी हात केला. शैलजा काठावर आली नाही. चिडली असेल. चिडावंच तिनं.

३० मे
चर्च दिसत नाही. आधी धुकं वाटलं, पण ऊन लख्ख आहे. चर्चच्या जागी झाडं. अनिकाला दाखवलं. आजी, देअर वॉज नेव्हर अ चर्च, म्हणाली, आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितलं.

२ जून
पिवळं घर गेलं. शैलजाचा फोन लावला, असा नंबरच नाही म्हणे. अंतराला म्हटलं, अगं, तुझ्याच सोफ्यावर बसून तिनं पोहे खाल्ले! ती शांतपणे म्हणाली, "आई, तुम्हीच तर सांगितलंत, तिकडे कुणी नाही म्हणून."

५ जून
कंपनीच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मी खोटं बोलले, लिहून घ्या. तिथला साहेब अदबीनं उठला, पडदा सारला, म्हणाला, मॅम, मग दाखवा, कोण आहे? झाडं. नुसती झाडं. परतताना नकुलनं गाडीतला रेडिओ लावला. मीच म्हटलं, तुझ्यासाठी केलं रे. बोलताना कळलं, सभागृहातल्यापेक्षा हे वाक्य जास्त घाणेरडं आहे.

९ जून
नकुल संतापलाय. पलीकडचेही आता त्यांच्या काठावर अणुभट्टी बांधणार — बातम्यांत आलंय. तिथेही सुनावणी, तिथेही काठावरच्या आजीबायांना विचारतायत, समोर काय दिसतं. मी म्हटलं, कोण बांधणार, झाडं? कुणाला विचारतायत? तो गाडीची किल्ली उचलून निघून गेला. म्हणजे माणसं आहेत. शैलजा असेल. आणि तिला विचारलं तर —

११ जून
आहे! झाडांपुढे उभी आहे. शैलजाच. शेजारी माइक धरलेला माणूस. खिडकीतून ओरडले — चुकले गं, शैलजा, मी —
दुर्बीण लावून माझ्याच खिडकीकडे बघतेय. किती वेळ. मी हात केला, तिनं केला नाही. शोधतेय नुसती.
माइककडे वळली. मान हलवतेय. नाही. नाही.
अगं, नीट बघ —

अंतरा खोलीत आलीय. मी बसलेय त्याच गादीवरची चादर ओढून काढतेय. हाक मारली. परत मारली. अनिकाला सांगतेय, ही रूम रिकामीच आहे ना, तुझं डेस्क इथे हलवू.
अंतरा, अगं, माझा हात तर —
वहीकडे बघतेय. हिला वही दिसतेय. उचलायला वाकली, पेन चाललंय तरी तिला —